पोकेमॉन गो खेळणाऱ्यांना दुकानात कसे आणावे?

तळ्याकाठचा
ठाण्यात मासुंदा तलावापासून हाकेच्या अंतरावर माझे कॉफी आणि सँडविचचे छोटे दुकान आहे. सकाळ-संध्याकाळ गिऱ्हाईक बरे असते, पण दुपारी दोन ते पाच आम्ही अक्षरशः माश्या मारत बसतो. मात्र महिन्यातून एखाद्या दिवशी, बहुधा रविवारी, नेमक्या याच वेळेत वीस-पंचवीस तरुण मोबाइलमध्ये डोके घालून तलावाभोवती फिरताना दिसतात. चौकशी केली, तेव्हा ते पोकेमॉन गो, म्हणजे खऱ्या रस्त्यांवर फिरून ‘पोकेमॉन’ नावाचे काल्पनिक प्राणी मोबाइलवर पकडायचा खेळ, खेळतात असे समजले. मी स्वतः हा खेळ कधी खेळलेलो नाही. त्यांना दुकानात आणण्यासाठी खेळातच जाहिरात करता येते का, आणि तो खर्च माझ्यासारख्याला परवडेल का?

जुना ट्रेनर
आपण पाहिलेला घोळका बहुधा ‘कम्युनिटी डे’चा असावा. जानेवारी 2018 पासून हा उपक्रम चालू असून त्या दिवशी ठराविक तीन तास एकच पोकेमॉन मोठ्या संख्येने दिसतो. आपल्याकडे ही वेळ सहसा दुपारी दोन ते पाच अशीच असते. म्हणजे आपली रिकामी वेळ आणि त्यांची गर्दीची वेळ एकच आहे, ही गोष्ट मला कोणत्याही जाहिरातीपेक्षा मोलाची वाटते.

आता खर्चाविषयी. खेळाच्या नकाशावर पुतळे, देवळे, भित्तिचित्रे अशा खऱ्या जागी ‘पोकेस्टॉप’, म्हणजे खेळातल्या वस्तू मिळण्याचे थांबे, असतात. त्यावर ‘लुअर’ नावाची वस्तू लावली की साधारण अर्धा तास तिथे पोकेमॉन येत राहतात, आणि ते लावणाऱ्यालाच नव्हे तर आसपासच्या सर्वांना मिळतात. 2016 साली एका लुअरला खेळातली 100 नाणी, म्हणजे सुमारे एक डॉलर, पडत असे. त्याच वर्षी जुलैमध्ये न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातील एका पिझ्झा दुकानाने दहा डॉलरचे लुअर लावले आणि त्या शनिवार-रविवारी विक्री 75 टक्क्यांनी वाढली, अशी बातमी तेथील वृत्तपत्रात आली होती. नाणी विकतच घ्यावी लागतात असेही नाही, कारण ‘जिम’मध्ये, म्हणजे नकाशावरच्या पोकेमॉनच्या लढतींच्या जागी, आपला पोकेमॉन टिकवून दिवसाला 50 पर्यंत नाणी मिळवता येतात. तेव्हा प्रथम स्वतः खेळ उतरवून घ्या आणि दुकानाच्या जवळ स्टॉप आहे का, ते पाहा. नसेल, तर लुअरचा विचार सोडून द्या.

हिशेबनीस
पिझ्झ्याच्या त्या बातमीवर फार विसंबू नये, असे माझे मत आहे. खेळ बाजारात येऊन तेव्हा जेमतेम आठवडा झाला होता आणि रस्त्यावरचा प्रत्येक दुसरा माणूस तो खेळत होता. शिवाय करोनाकाळात स्टॉप वापरण्याचे अंतर 40 मीटरवरून 80 मीटर करण्यात आले. 2021 मध्ये ते पुन्हा घटवताच खेळाडूंनी बहिष्काराची हाक दिली आणि कंपनीला 80 मीटरच कायम ठेवावे लागले. याचा दुकानदाराच्या दृष्टीने अर्थ असा की, लुअर आपण लावावा आणि खेळाडूने त्याचा लाभ समोरच्या कट्ट्यावर बसून घ्यावा.

अधिकृत जाहिरातीचा मार्ग आहे, पण तो मोठ्यांनीच अधिक वापरला. जपानमध्ये 2016 साली मॅकडोनल्ड्सची जवळपास 3,000 उपाहारगृहे, आणि भारतात त्याच वर्षी डिसेंबरमध्ये रिलायन्सची दुकाने, पोकेस्टॉप व जिम बनली होती.

गल्ल्यावरचा
एक कडू अनुभव सांगतो. माझ्या दुकानात पबजी खेळणारी मुले संध्याकाळ-संध्याकाळ बसत आणि त्यांच्यासाठी मी इंटरनेटची जोडणीही वाढवून घेतली होती. 2 सप्टेंबर 2020 रोजी त्या खेळावर बंदी आली आणि जोडणीचे बिल तेवढे उरले. खेळाच्या भरवशावर कर्ज किंवा वर्षभराचा करार करू नये. तसेच 2025 च्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आहे, त्यामुळे प्रवेश फी आणि रोख बक्षिसाची स्पर्धा भरवण्याच्या फंदात पडू नका.

तळ्याकाठचा
सर्वांचे आभार. खेळ उतरवून पाहिला. एक स्टॉप दुकानाच्या अगदी जवळ आहे. फलकावर पिकाचू या पोकेमॉनचे चित्र काढून घ्यावे काय?

जुना ट्रेनर
चित्र काढू नका, त्या पात्रांचे हक्क पोकेमॉनच्या मालक कंपन्यांकडे आहेत. ‘कम्युनिटी डेच्या खेळाडूंसाठी चार्जिंगची सोय, दोन ते पाच’ एवढे खडूने लिहिले तरी पुरे. तीन तास चालून आलेल्याच्या फोनची बॅटरी पंधरा टक्क्यांवर आलेली असते. त्याला सावली, थंड पाणी आणि प्लगचा एक पॉइंट दिसला की तो आत येतो, आणि फोन चार्ज होईपर्यंत काहीतरी मागवतोच. फक्त पार्सलच्या गिऱ्हाइकाला उभे राहायला जागा ठेवा, आणि पदपथ अडणार नाही याची काळजी घ्या, नाहीतर शेजारचा दुकानदार पहिल्याच रविवारी भांडायला येईल. कम्युनिटी डेची तारीख खेळातच आधी जाहीर होते. त्या दिवशी दुपारी एक माणूस जास्तीचा ठेवा.