सीपॅप लावूनही रक्तदाब फारसा का उतरत नाही?

प्रश्न
माझे वय 54 आहे. झोपेच्या तपासणीत तासाला 38 वेळा श्वास अडकत असल्याचे आढळल्यामुळे गेले अडीच महिने मी सीपॅप (मास्कमधून हवेच्या दाबाने श्वासमार्ग उघडा ठेवणारे यंत्र) लावून झोपतो. रात्री चार वेळा लघवीला उठावे लागत असे, ते पहिल्याच आठवड्यात एकदावर आले. वरचा रक्तदाब मात्र तीन गोळ्या चालू असूनही 148 वरून 144 वरच आला आहे. टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक आपोआप वाढेल असे एका परिचितांनी सांगितले होते, त्यातही फरक नाही. यंत्र निरुपयोगी समजावे काय?

प्रतिसाद 1
लघवीचे उठणे कमी झाले, हीच यंत्र काम करत असल्याची खूण आहे. घसा मिटलेला असताना छाती श्वास ओढण्याची धडपड करते, तेव्हा छातीतील दाब घटून हृदयाचे वरचे कप्पे ताणले जातात आणि अंगात पाणी फार झाले अशा समजुतीने एएनपी हे संप्रेरक सोडतात. मग मूत्रपिंडे रात्रभर लघवी तयार करत बसतात. श्वासमार्ग उघडा राहिला की हे थांबते.

उपचाराने नॉरअ‍ॅड्रेनॅलिन हे रक्तदाब चढवणारे संप्रेरकही उतरते, पण रक्तदाबातील सरासरी घट दोन-तीन अंकांचीच असते. स्पेनमधील हिपार्को चाचणीत (2013) तीन किंवा अधिक औषधांना न जुमानणाऱ्या रुग्णांचा 24 तासांचा सरासरी दाब सुमारे 3 अंकांनी उतरला. मात्र रात्री दाब खाली येण्याची नैसर्गिक रीत अनेकांत परतली. ती दवाखान्यातल्या सकाळच्या मोजणीत दिसणार नाही, म्हणून 24 तासांची नोंद करून घ्यावी.

प्रतिसाद 2
मास्क किती तास राहतो, हे आपण लिहिलेले नाही. 2016 च्या सेव्ह चाचणीत रुग्णांचा सरासरी वापर रात्री जेमतेम 3.3 तास होता आणि हृदयविकाराचे झटके वा पक्षाघात त्यांच्यात कमी झाले नाहीत. स्वप्नांची झोप पहाटे अधिक असते, अनेकांचा श्वास तेव्हाच जास्त अडकतो, आणि मास्कही नेमका तेव्हाच उशाला गेलेला असतो.

प्रतिसाद 3
टेस्टोस्टेरॉन केवळ सीपॅपने सहसा वाढत नाही. स्थूल व्यक्तीत वजन घटल्यावर वाढते. बाहेरून घेतलेल्या टेस्टोस्टेरॉनने श्वास अडकणे बळावू शकते, म्हणून परस्पर इंजेक्शन घेऊ नये. तीन गोळ्यांनीही दाब आटोक्यात नसेल, तर अल्डोस्टेरॉनच्या (अंगात मीठ-पाणी साठवून दाब वाढवणाऱ्या संप्रेरकाच्या) तपासणीविषयी डॉक्टरांना अवश्य विचारावे.

प्रश्नकर्ता
यंत्रातील नोंद पाहिली: सरासरी 3 तास 40 मिनिटे. मास्क नाकाच्या हाडावर रुततो, म्हणून पहाटे मीच काढून ठेवत होतो. उद्या दुसऱ्या मापाचा मागवतो.