मदत हवी आहे : तीन यंत्रणा, तीन भाषा, एकच पूर

नमस्कार मंडळी. आपत्ती नियंत्रण कक्षासाठी पाणीपातळीचे सेन्सर, रस्त्यांवरचे सिग्नल आणि रुग्णवाहिकांचं जीपीएस एकत्र जोडायचं काम गळ्यात पडलंय.

इशाऱ्यांसाठी कॉमन अलर्टिंग प्रोटोकॉलची (आपत्तीचे इशारे एकाच ठरावीक साच्यात पाठवण्याचं मानक) २०१० सालची १.२ आवृत्ती घेतली. तीव्रता, तातडी आणि खात्री त्यात वेगवेगळी नोंदवता येते, हे फार सोयीचं. सेन्सरचे आकडे एमक्यूटीटीवरून (छोट्या उपकरणांचे संदेश पोहोचवणारा हलका प्रोटोकॉल) येतात, तेही सुरळीत.

पंचाईत वेळेची आणि जागेची आहे. एक यंत्रणा यूटीसी म्हणजे जागतिक प्रमाणवेळ पाठवते, दुसरी स्थानिक. आणि एकाच पुलाला तिघांकडे तीन वेगळे क्रमांक! रंगीत तालमीत काही तासांपूर्वीची नोंद ताजी समजली गेली आणि मोकळा रस्ता बंद दिसला. नशीब, त्या संदेशाचं स्टेटस ‘एक्सरसाइज’ म्हणजे सराव असं होतं.

क्रमांक जुळवणारा तक्ता तुम्ही मध्यवर्ती सर्व्हरवर ठेवता की प्रत्येक यंत्रणेकडे त्याची प्रत? मध्यवर्ती ठेवला तर नेटवर्क पडताच सगळेच आंधळे. प्रती ठेवल्या तर त्या अद्ययावत कोण करणार? शिवाय नेटवर्क परत आल्यावर तुंबलेले जुने संदेश एकदम येऊन आदळतात. ते एक्स्पायरीच्या (संदेशाची मुदत संपण्याच्या) वेळेवरून गाळणं पुरतं का? प्रत्यक्ष पुरात हे चालवलेल्या कुणी सांगितलं तर उपकार होतील.