निकॉन डी९०: बॉडी बदलावी की लेन्स?

प्रश्न
माझ्याकडे २००८ साली बाजारात आलेला निकॉन डी९० हा १२ मेगापिक्सेलचा डीएसएलआर आणि त्याच्या जोडीची १८-१०५ मिमी लेन्स आहे. उन्हातली छायाचित्रे आजही मनाजोगती येतात. मात्र सभागृहात नृत्याचे कार्यक्रम टिपताना नर्तिकेचे हात पुसट येतात आणि आयएसओ (सेन्सरची प्रकाश-संवेदनशीलता) ३२०० वर नेल्यावर सावल्यांमध्ये रंगीत ठिपके उमटतात. २४ मेगापिक्सेलचा मिररलेस (आत आरसा नसलेला नव्या प्रकारचा कॅमेरा) घेतल्यास ही अडचण सुटेल का? छायाचित्रे फार तर ए४ आकारात छापतो, चित्रीकरण करत नाही.

पहिला प्रतिसाद
मेगापिक्सेलचा विचार तूर्त बाजूला ठेवावा. डी९० चे छायाचित्र ४२८८ × २८४८ पिक्सेलचे असते, म्हणजे ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) छापले तरी सुमारे १४ × ९.५ इंच, ए४ साठी ते पुरून उरते.

आपले एखादे बिघडलेले छायाचित्र संगणकावर १०० टक्के मोठे करून पाहावे. रंगमंचाचा मागचा पडदा स्पष्ट आणि केवळ हात पुसट असतील तर शटर संथ पडला आहे. सगळेच पुसट असेल तर कॅमेरा हलला आहे. आपल्या लेन्समधील व्हीआर ही कंपन-रोधक सोय आपल्या हाताची थरथर सावरते, नर्तिकेची हालचाल थांबवू शकत नाही. ही लेन्स १०५ मिमीवर एफ/५.६ च्या पुढे उघडत नाही (एफचा आकडा जितका लहान, तितके लेन्सचे छिद्र मोठे), तर ८५ मिमी एफ/१.८ लेन्स तिच्या साडेनऊ पटींहून अधिक प्रकाश आत घेते. त्यामुळे आज १/४० सेकंद आणि आयएसओ ३२०० वर जे छायाचित्र येते, तेच १/२०० सेकंद आणि आयएसओ १६०० वर घेता येईल, म्हणजे हातही स्पष्ट येतील आणि ठिपकेही कमी होतील. माझे मत स्पष्ट आहे: आधी लेन्स घ्यावी.

दुसरा प्रतिसाद
वरील हिशेब बरोबर आहे, परंतु फोकसचा प्रश्न त्यात सुटून गेला. एफ/१.८ वर स्पष्टतेचा पट्टा अगदी अरुंद होतो, आणि डी९० च्या ११ फोकस बिंदूंपैकी केवळ मधला क्रॉस-टाइप (उभ्या आणि आडव्या दोन्ही रेषा पकडणारा) असल्यामुळे मंद प्रकाशात कडेचे बिंदू चाचपडत राहतात. डोळा ओळखून त्याच्या मागे राहणारा मिररलेसचा फोकस इथे खरोखर उपयोगी पडतो. शिवाय त्याचा शटर नि:शब्द ठेवता येतो, ही गोष्ट शांत सभागृहात मला फार मोलाची वाटते. मात्र काही एलईडी दिव्यांखाली त्यामुळे छायाचित्रावर आडवे पट्टे येऊ शकतात.

प्रश्नकर्ता
छायाचित्रे मोठी करून पाहिली. बहुतेकांत पडदा स्पष्ट आहे आणि हात पुसट आहेत. काहींत मात्र फोकस मागे बसलेल्या तबलावादकावर गेला आहे.

पहिला प्रतिसाद देणारे
मग मधल्या बिंदूवरच फोकस घ्यावा, चौकट थोडी सैल ठेवावी आणि नंतर कातरावी. ए४ साठी तेवढी मुभा आहे. लेन्स घेताना एएफ-एस (अंगातच फोकसची मोटर असलेल्या) प्रकारचीच घ्यावी. स्वतःची मोटर नसलेल्या जुन्या एएफ-डी लेन्स डी९० च्या अंगच्या मोटरवर चालतात, पण पुढे निकॉनचा झेड मालिकेचा मिररलेस घेतल्यास, त्याला जुन्या लेन्स जोडणाऱ्या एफटीझेड अडॅप्टरवर त्यांचा ऑटोफोकस मिळत नाही. एएफ-एस लेन्सचा मिळतो, त्यामुळे बॉडी नंतर बदलली तरी हा खर्च वाया जाणार नाही.