मदत हवी: अभ्यासिकेत व्हिडिओची कॅश लावली, तरी चक्री फिरतेच

आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात, आर्णीपासून आत. अभ्यासिकेत वीसेक पोट्टे पोलीस भरती, तलाठीची तयारी करतात. एका निवृत्त सरांची १८० तासांची लेक्चरं, त्यांच्या परवानगीनं, क्लाउडवरून एचएलएसनं (व्हिडिओ छोट्या तुकड्यांत पाठवायची पद्धत) येतात. नेट १० एमबीपीएस, तेही सगळ्यांत वाटून. म्हणून जुन्या पीसीत २४० जीबीची एसएसडी टाकून एनजिनएक्स या सर्व्हर सॉफ्टवेअरची कॅश लावली, म्हणजे एकदा आलेला तुकडा पीसीवरच साठतो. 'इनॅक्टिव्ह' (तुकडा कुणी मागितला नाही तर किती वेळ ठेवायचा) ३० दिवस केलंय (आधी १० मिनिटांतच तुकडे उडत होते).

त्रास असा की लेक्चर ४८०पीवर मस्त चालू असतं, मधेच चित्र एकदम लख्ख होतं, फळ्यावरचा खडूचा कण न् कण दिसतो, आणि तिथंच चक्री. मग २४०पी, फळा पुसल्यासारखा. थोड्या वेळानं पुन्हा तेच. कॅश नव्हती तेव्हा सगळंच धूसर होतं, पण इतकं अडत नव्हतं! डिस्कही भरली. वर्गणी काढून १ टीबीची घेऊ का?

प्रतिसाद १
वर्गणी राहू द्या भाऊ. प्लेयर आधीचे तुकडे किती वेगानं आले ते पाहून पुढची क्वालिटी मागतो. कॅशमधला तुकडा वायफायच्या वेगानं येतो, त्याला वाटतं नेट सुसाट आहे, म्हणून तो १०८०पी मागतो. तो कॅशमध्ये नसला की तुमच्या १० एमबीपीएसवर येऊन आदळतो.

प्रत्येक क्वालिटीचे तुकडेही वेगळे. २४०पी ते १०८०पी अशा चार क्वालिटींना ०.४, १, २.५ आणि ५ एमबीपीएस धरा: तासाला चारही मिळून ४ जीबी, १८० तासांचे ७२० जीबी. मास्टर प्लेलिस्ट (कोणकोणत्या क्वालिटी आहेत त्याची यादी) पीसीवरूनच द्या, तीत २४०पी आणि ४८०पी एवढंच ठेवा. मोबाइलला पुरतं, आणि सगळं ११३ जीबीत बसतं. रात्री नेट मोकळं असताना भरून ठेवा. लिंकमध्ये टोकन (परवानगीची खूण) आहे का? कॅश-कीत (साठवलेला तुकडा ज्या नावानं ओळखला जातो त्यात) ते आलं तर एकच तुकडा वीसदा साठतो.

धागाकर्ता
टोकन आहेच, प्रत्येकाचं वेगळं! डिस्क कायले भरत होती ते आता समजलं. पण रात्रीचं जमत नाही, वारं सुटलं की लाइन जाते बाप्पा.

प्रतिसाद १
मग सरांकडूनच दोन्ही क्वालिटी हार्ड डिस्कवर घ्या अन् एसटीनं आणा. फाइल पीसीवर असली तर तीच द्यायची, नसली तरच बाहेर जायचं, असं एनजिनएक्सला सांगता येतं. कॅश-कीतून टोकन काढलं की वायफायवरच्या कुणालाही साठलेले तुकडे मिळतात, तेव्हा वायफायचा पासवर्ड मात्र गावभर वाटू नका.

धागाकर्ता
उद्या सकाळच्या गाडीनं यवतमाळला जातो. पीसीवर उबुंटू (लिनक्स) आहे, डिस्क एनटीएफएस (विंडोजची) असली तर चालते ना?