विलीजचा सेल्फ उतरवायचाय

दादा: काका, उद्या विलीज जीपचा सेल्फ, म्हणजे इंजिन सुरू करणारी मोटर, उतरवतोय. पायाचं बटण दाबलं की घर्रर्र आवाज येतो, पण इंजिन जागचं हलत नाही. बॅटरी चार्ज आहे. एक मेकॅनिक म्हणतो, सहा व्होल्ट काढून बारा लावा, काम होईल.

मोठे काका: बारा व्होल्ट अजिबात लावू नकोस! मोटर जोरात फिरतेय म्हणजे करंट तिथवर नीट पोचतोय. अडलंय बेंडिक्समध्ये, म्हणजे सेल्फच्या टोकाचं छोटं दातेरी चाक (पिनियन) पुढे सरकवणाऱ्या भागात. युद्धकाळातल्या विलीज एमबीला पिनियन ढकलायला सॉलेनॉइड, म्हणजे विजेवर चालणारा ढकलदांडा, नाही. मोटरचा दांडा एकदम फिरतो, पिनियन जडपणामुळे मागे राहतं आणि तिरक्या आट्यांवरून सरकत फ्लायव्हीलच्या, म्हणजे इंजिनच्या जड चाकाच्या, दातेरी रिंगमध्ये शिरतं. आट्यांवर मळी बसली की पिनियन सरकतच नाही, दांड्याबरोबर नुसतं गरगरत राहतं. बारा व्होल्टच्या हिसक्याने कदाचित सुटेलही, पण रिंगवर असं आदळेल की दात उडतील. सेल्फ सहज बाहेर निघतो. रिंगसाठी मात्र गिअरबॉक्स उतरवावा लागतो.

ताई: आणि इंजिन फिरतंय पण रडत रडत, असं असेल तर?

मोठे काका: मग पान्याला हात न लावता आधी व्होल्टमीटर काढायचा. तेवढ्याच ताकदीसाठी सहा व्होल्टला बाराच्या दुप्पट करंट लागतो, त्यामुळे गंजलेला एक लग (वायरचं टोक) किंवा बॉडीला जोडणारी ढिली अर्थपट्टी बिघाडाला पुरते. सेल्फ मारत असताना बॅटरीचा निगेटिव्ह खांब आणि सेल्फची बॉडी यांच्यामध्ये मीटर धर. पाव व्होल्टच्या वर काटा गेला तर दोष अर्थिंगमध्ये आहे. लोक हे न बघता चांगले सेल्फ उतरवतात आणि विनाकारण खोलतात, याचं मला खरंच वाईट वाटतं. ऐंशी वर्षं टिकलेली वस्तू आहे ती.

आत्या: काय करायचं ते कर, पण नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरू नकोस. चाकांना ओंडके लाव.

दादा: हो आत्या, लोखंडी घोड्यांवर (स्टँडवर) घेतलीय. काका, क्रम सांगा ना.

मोठे काका: पहिल्यांदा बॅटरीची अर्थची वायर काढ. चावी बंद आहे म्हणून निर्धास्त राहू नकोस. या गाडीत सेल्फची जाड केबल चावीतून जातच नाही, बॅटरीतून थेट पायाच्या बटणाला येते. तिथे पाना बॉडीला टेकला तर तो लाल होईपर्यंत करंट थांबणार नाही, मध्ये फ्यूज नाही.
मग सेल्फवरची केबल. इथे घाई करू नकोस. बाहेरचा नट सोडवताना आतल्या नटला दुसरा पाना लावून तो घट्ट धरून ठेव. आतला नट फिरला की बोल्टही फिरतो, आतली फील्ड कॉइलची (मोटरच्या स्थिर वेटोळ्याची) पट्टी पिळते आणि धडधाकट सेल्फ कायमचा जातो.
बोल्टना आदल्या रात्रीच गंज सोडवणारं तेल मार. पाने इंची घे. मिलिमीटरचा पाना बसल्यासारखा वाटतो आणि डोकं गोल करतो. खालचा बोल्ट आधी काढ, वरचा शेवटी, आणि तो काढताना एक हात सेल्फखाली हवाच. दिसतो त्याहून जड असतो. पुढच्या टोकाला आधाराची पट्टी असेल तर तीही सोडव. मग सरळ पुढे ओढ, वाकडा करू नकोस.

दादा: निघाला! फोटो टाकलाय. आट्यांवर काळं, लाखेसारखं काहीतरी बसलंय. पिनियन बोटाने हलत नाही.

मोठे काका: तेच. कुणीतरी प्रेमाने ग्रीस भरलंय. क्लचची धूळ त्याला चिकटते आणि त्याची लाख होते. फक्त बेंडिक्सचं टोक रॉकेलमध्ये बुडवून ब्रशने घास, रॉकेल मोटरच्या आत जाऊ देऊ नकोस. पूर्ण कोरडं कर. पुन्हा ग्रीस नको, अगदीच वाटलं तर पातळ तेलाचा एक थेंब. स्प्रिंगला तडा आहे का तेही बघ.
बाहेर आलाच आहे तर दांडा वर-खाली हलवून बघ. खेळ जाणवला तर बुश (दांड्याला आधार देणारी कडी) गेलाय. आर्मेचरवर, म्हणजे आतल्या फिरत्या भागावर, घासल्याची चकाकी दिसली तर खात्रीच. आर्मेचरला करंट देणारे कार्बन स्प्रिंगसकट सरकतात ना? कार्बन जिथे घासतात तो तांब्याचा कॉम्युटेटर काळा असेल तर बारीक पॉलिश पेपर चालेल, एमरी नको, तिचे कण करंट वाहतात.

ताई: बाहेर बॅटरी लावून फिरवून बघायचा का?

मोठे काका: हो, पण व्हाइसमध्ये घट्ट आवळून आणि क्षणभरच. सिरीज मोटर आहे. भार नसला की वेग चढतच जातो आणि आर्मेचरच्या तारा बाहेर फेकल्या जाऊ शकतात.
रिंग बघायचीही हीच वेळ. बॅटरी सुटलेली, गाडी न्यूट्रलला, सेल्फच्या भोकात टॉर्च, आणि पुढून हँडलने इंजिन हळूहळू फिरव. अंगठा बोटांच्याच बाजूला ठेव. चार सिलिंडरचं इंजिन बंद होताना बहुतेक ठराविक दोन जागीच थांबतं, म्हणून रिंग समोरासमोरच्या दोन ठिकाणी झिजते.

दादा: एका जागी दातांच्या कडा गोल झाल्यात. तुटलेला एकही नाही.

मोठे काका: मग रिंग राहू दे. सेल्फला मात्र रंग द्यायचा नाही!

दादा: अरेच्चा, ऑलिव्ह ग्रीनचा डबा उघडून बसलोय. का?

मोठे काका: बाहेरून दे, पण सेल्फची फ्लँज (बोल्ट लागतात ती कड) आणि इंजिनवरचं हाऊसिंग जिथे एकमेकांना टेकतात ती तोंडं उघडी पाहिजेत. सेल्फला परतीची वेगळी वायर नसते, सगळा करंट त्या फ्लँजमधून इंजिनला जातो. रिस्टोअर केलेल्या सुंदर गाड्यांचे सेल्फ मंद फिरतात, त्यामागे पुष्कळदा हा रंगच असतो. दोन्ही तोंडं धातू दिसेपर्यंत खरवड. अर्थची वायर सगळ्यात शेवटी जोड.

दादा: खरवडतोय. तीन थर निघाले, तिसरा पिवळा प्रायमर आहे.