कालचा तस्करीचा भाग : दार फोडलं, पुढे काय?

पटकथापीडित
टीव्हीवरच्या पोलीस मालिकेबद्दल सकाळी एकाने लिहिलंय : "कालचा भाग म्हणजे वास्तवाचा आरसा. सब-इन्स्पेक्टर दार फोडतो, अकरा जणी सुटतात आणि पहाटेच्या गाडीने आपापल्या घरी. अंगावर काटा आला!"

काटा माझ्याही अंगावर आला, कारण मात्र वेगळं. पिटाखाली, म्हणजे अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायद्याखाली, वॉरंट नसताना झडती घ्यायची तर कारणं आधी लिहून ठेवावी लागतात. दोन पंच लागतात, त्यांत किमान एक बाई. सोबत किमान दोन महिला पोलीस. कालच्या पथकात एकही नव्हती. बनावट गिऱ्हाईक आत पाठवलं ते ठीक, पण त्याला दिलेल्या नोटांचे नंबर आधीच्या पंचनाम्यात घेतलेच नाहीत, तर गल्ल्यात सापडलेली नोट कुणाची हे सिद्ध कसं करणार?

खरा संताप त्या पहाटेच्या गाडीचा. मुलगी अठराच्या आतली असेल तर २४ तासांत बाल कल्याण समितीपुढे, सज्ञान असेल तर दंडाधिकाऱ्यापुढे. वय ठरवायचं तेही क्रमाने : शाळेचा किंवा बोर्डाचा दाखला, तो नसेल तर पालिका-ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, दोन्ही नसतील तरच हाडांची तपासणी. त्या तपासणीत वर्ष-दोन वर्षं सहज इकडेतिकडे होतात. सतराच्या पोरीकडून "एकवीस" असं पाठ करून घेतात ते याच फटीसाठी. आणि घरी पाठवण्याआधी त्या घराची चौकशी व्हावी लागते. कालच्या भागात मुलीला विकलं कुणी? सख्ख्या आत्याने! मग गाडीने तिला सोडलं कुठे?

रिमोटधारी
चाळीस मिनिटांत पंचनामा वाचून दाखवायचा का? झोपतील लोक. भागाने एक गोष्ट चोख दाखवली, ती तुम्ही सोयीस्कर गाळलीत. कुणी गाडीत कोंबून पळवलं नाही. ओळखीची बाई, पार्लरमधलं काम, घरी आगाऊ पैसे, "नोंदणीसाठी" म्हणून आधार कार्ड काढून घेणं, सिम बदलणं, आणि मुक्कामाला पोचण्याआधी दोन ठिकाणी हात बदलणं. हा क्रम घराघरांत पोचला. तुमचं पिटातलं झडतीचं कलम १५ पोचून कुणाची मुलगी वाचणार आहे?

दुसरा पंच
दोघांनीही सब-इन्स्पेक्टरकडे दुर्लक्ष केलं. पिटाचा तपास विशेष पोलीस अधिकाऱ्याने करायचा आणि तो निरीक्षकाच्या खालचा चालत नाही. सर्वोच्च न्यायालयाने राम सिंग खटल्यात साठच्या दशकातच हे स्पष्ट केलंय. भारतीय न्याय संहितेचं माणसांच्या तस्करीचं कलम १४३ (१ जुलै २०२४ आधी दंड संहितेचं ३७०) आणि अल्पवयीनांसाठी पॉक्सो (मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांचा कायदा) लावलं तर ही अट आड येत नाही. शिवाय १४३ मध्ये एका व्यक्तीच्या तस्करीसाठी किमान ७ वर्षं कैद, ती अल्पवयीन असेल तर किमान १०. नुसतं पिटा लावून मोकळं होणं ही खटला पडण्याची पहिली पायरी.

नाट्यच हवं होतं ना? मग हे घ्या. छाप्यानंतर कोर्टात मुलींच्या वतीने वकील हजर होतो, त्याची फी अड्डेवालीच्या पदरातून. प्रेरणा विरुद्ध महाराष्ट्र शासन, मुंबई उच्च न्यायालय, २००२ : आरोपीच्या वकिलाला त्याच खटल्यातल्या सोडवलेल्या मुलींसाठी उभं राहता येत नाही. हा प्रसंग दार फोडण्यापेक्षा कमी थरारक आहे का?

पटकथापीडित
राम सिंगची भर मान्य. तुम्ही पंच असाल तर आरोपी कंटाळूनच कबुली देईल.

फडकरी
तस्करी म्हटलं की यांना लाल दिवे आणि लिपस्टिकच दिसते. संविधानाचं कलम २३ माणसांचा व्यापार आणि वेठबिगारी एका दमात बंद करतं. मालिकावाले निम्म्यातच थांबतात. ऊसतोडीचं बघा. पावसाळ्यात मजूर पुरवणारा मुकादम जोडप्याला, म्हणजे एका कोयत्याला, आगाऊ उचल देतो. ती हंगामभर टनावर फेडायची. खाडा झाला की दंड, बाई आजारी पडली तरी खाडाच. हिशेब मुकादमाच्या वहीत, मजुराच्या हातात चिठ्ठीसुद्धा नाही. पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, तरी बाकी निघतेच आणि ती पुढच्या हंगामावर चढते. यावर काढा ना एक भाग!

धुराडं
आलं, उसाचं पुराण आलं. उचल म्हणजे तस्करी? एकाच हंगामासाठी तीन मुकादमांची उचल घेऊन गायब होणाऱ्या मजुरांच्या टोळ्या कोण दाखवणार? कारखान्याशी करार ऊस वाहणाऱ्या वाहनमालकाचा, कर्ज त्याच्या नावावर, ट्रॅक्टर दारात उभा आणि हप्ता चालू. त्याच्यावर भाग काढला तर तुम्ही टीव्ही फोडाल.

फडकरी
फसवणूक झाली तर फिर्याद द्या, दावा लावा. मजुराला किंवा त्याच्या पोराला डांबून वसुली करता येत नाही. १९७६ चा वेठबिगारी निर्मूलन कायदा वाचा. कर्जापोटी किमान वेतन मिळण्याची किंवा दुसरीकडे कामाला जाण्याची मोकळीक गेली की ती वेठबिगारी, आणि ते कर्जच रद्द. कर्ज तसलं नव्हतं हे सिद्ध करायचं देणाऱ्याने, मजुराने नाही. आशियाडच्या बांधकामावरच्या मजुरांबद्दलच्या सर्वोच्च न्यायालयाच्या १९८२ च्या निकालाने तर किमान वेतनाखाली राबवणं हीच सक्तीची मजुरी ठरवली.

धुराडं
पुस्तकं मिटा आणि फडावर या. पळालेली टोळी आणायला दंडाधिकारी जातो का?

दुसरा पंच
आवाज खाली. उचल देणं हा गुन्हा नाही, तिच्या जोरावर माणसाला जाऊ न देणं हा गुन्हा. पण फडकरी, १४३ इतकं सरळ लागत नाही. त्यातल्या शोषणात गुलामगिरी, तिच्यासारख्या प्रथा, अवयव काढणं, भीक मागायला लावणं आहे. सक्तीची मजुरी वेगळी नोंदलेली नाही. ती "गुलामगिरीसदृश प्रथा" किंवा शारीरिक शोषणात बसवावी लागते, त्यासाठी वही, वजनाच्या पावत्या, डांबल्याचे जबाब जोडावे लागतात. तेवढा खटाटोप टाळला की उरतं सक्तीच्या मजुरीचं कलम १४६, ज्यात जास्तीत जास्त एक वर्ष. म्हणून सुटका झाली की आधी वेठबिगारीतून मुक्तीचं प्रमाणपत्र मिळवायचं. ते नसेल तर पुनर्वसनाची रक्कम (पुरुषाला १ लाख, स्त्रिया-मुलांना २, तस्करीसारख्या गंभीर प्रकरणांत ३) अडकते. त्यातला मोठा हिस्सा पुन्हा गुन्हा सिद्ध होण्याशी बांधलेला.

उंबरा
मालिकेवर येऊ का जरा? अकरा जणींतली ती तिशीची बाई म्हणते, "मला नाही यायचं." नायक म्हणतो, "तू घाबरलीयस," आणि तिला गाडीत बसवतो. मागे सनई! २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तीन सज्ञान तरुणींना इच्छेविरुद्ध सुधारगृहात ठेवण्याचा आदेश रद्द केला. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही सांगितलं की स्वेच्छेने हे काम करणाऱ्या सज्ञान बाईला छाप्यात अटक किंवा छळ नको.

रिमोटधारी
पण १४३ मध्ये संमती गैरलागू आहे ना? की ते तुमच्या सोयीनं लागू होतं?

दुसरा पंच
तस्करी झाली की नाही हे ठरवताना तिची संमती बघत नाहीत. सुटल्यावर सज्ञान बाईने कुठे जायचं हे ठरवताना बघावीच लागते. पटकथाकाराने दोन्हींची खिचडी केली.

रिमोटधारी
बरं, सनई नको होती. एवढं दिलं.

धुराडं
मीही देतो मग. उचलीची पावती दोन प्रतींत, टनाचा दर लिहून, वजनाची चिठ्ठी रोज मजुराच्या हातात. वाहनमालकालाही ते परवडेल. पण टोळी बुडवून गेली तर ती रक्कम कुणी सोसायची, हे एकाही विद्वानाने सांगितलेलं नाही.

फडकरी
कारखान्याने.

धुराडं
कारखाना म्हणतो मजूर आमचे नाहीतच, मुकादमाचे आहेत. त्याला आधी पटवा, मग मला कायदा शिकवा.