मदत हवी आहे: आईला ग्रँड ज्युरीपुढे साक्षीला बोलावलंय (न्यू जर्सी)

नमस्कार मंडळी, घाईत लिहितेय, चूकभूल सांभाळून घ्या. आम्ही एडिसनच्या जवळ राहतो. गौरी-गणपती झाल्यावर चार दिवसांनी घरफोडी झाली. गौरीला घालायला दागिने बँकेच्या लॉकरमधून काढले होते, शनिवारी परत ठेवायचे होते, तेवढ्यात हे. आम्ही दोघं ऑफिसला, मुलगी शाळेत आणि साताऱ्याहून आलेली आई वरती दुपारची पडली होती. खाली डबे पडल्याचा आवाज आला म्हणून जिन्यात आली तर एक माणूस किचनमध्ये तांदळाचा डबा पालथा करत होता. ही "कोण आहे रे?" म्हणून ओरडली, तो मागच्या दारातून पळाला. पाटल्या आणि मोहनमाळ गेली. अजून फ्रिजखाली झाडलं की तांदूळ निघतात.

महिन्याभराने एकाला पकडलं आणि आता आईच्या नावाने सपीना (साक्षीला हजर राहायचा हुकूम) आलाय. ती दोन दिवस नीट जेवली नाहीये. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये हेच तिने आयुष्यभर ऐकलंय ना. तो माणूस समोर बसणार का, त्याचा वकील उलटसुलट विचारणार का, मला शेजारी बसू देतील का?

आणि खरी काळजी वेगळीच आहे. त्या दिवशी पोलिसांशी आईचं बोलणं मी फोनवरून इंग्लिशमध्ये सांगत होते. ती म्हणाली "बाजूने दिसला", आणि मी गडबडीत सांगितलं की तिने चेहरा पाहिला. तेच रिपोर्टमध्ये आहे. माझ्या एका शब्दामुळे ती खोटी ठरली तर? किंवा भलताच माणूस अडकला तर? प्लीज कोणी अनुभव असेल तर सांगा.

प्रतिसाद १:
ताई, आधी आईंना जेवायला सांगा. हा खटला नाही. केस पुढे चालवण्याइतका पुरावा आहे का एवढंच ग्रँड ज्युरी बघते. त्यात साधे नागरिक असतात, जास्तीत जास्त २३, त्यातले १२ हो म्हणाले तरच आरोपपत्र निघतं. आत जज नसतो, आरोपीचा वकीलही नसतो, उलटतपासणी नाही. सरकारी वकील विचारतो, कधी ज्युरीतलं कोणी एखादा प्रश्न विचारतं. बऱ्याचदा नुसत्या डिटेक्टिव्हच्या साक्षीवर भागतं, पण तुमच्या केसमध्ये चोराला पाहिलेल्या आईच एकट्या, म्हणून बोलावलं असणार. तुम्हाला मात्र बाहेर बसावं लागेल.

प्रतिसाद २:
शब्दाची चूक साक्षीच्या दिवसापर्यंत ठेवू नका, आजच सरकारी वकिलाच्या ऑफिसला कळवा. प्रत्येक काउंटीत (म्हणजे इथल्या जिल्ह्यात) त्यांच्याकडे पीडित आणि साक्षीदारांना मदत करणारा विभाग असतो, तिथे फोन करा. दुभाषी मागताना मराठीच हवा हे स्पष्ट सांगा, नाहीतर हिंदीवाला येईल आणि परत तोच घोळ. तुम्ही दुभाषी होऊ नका, घरच्यांनी सांगितलेलं धरत नाहीत. आईंना एवढंच सांगा, बाजूने दिसला तर बाजूनेच म्हणायचं, आठवत नसेल तर आठवत नाही. भर घालायची नाही.

धागाकर्ती:
दोघांचे खूप आभार. फोन केला. त्या बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं, चूक लिहून घेतली, मराठी दुभाषी मागवते म्हणाल्या. आईची परत जायची तारीख जवळ आलीये, व्हिसाचे सहा महिने संपतायत, तेही सांगितलं, लवकरची तारीख बघतो म्हणाले. रात्री आई दूधभात जेवली. आता विचारतेय, तिथे पातळ नेसून गेलं तर चालेल ना? दुसरं काही ती घालणार नाही.